ईस्टर आधी आणि वल्हांडण नंतर: ख्रिस्ती धर्म ज्यू धर्मापासून वेगळा कसा झाला

२०२४ साली ईस्टर आला ३१ मार्चला आणि वल्हांडण, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा ज्यूंचा पेसाख सण, सुरू झाला २२ एप्रिलच्या संध्याकाळी. बायबल थोडंफार वाचलेल्या कुणालाही हे खटकायला हवं. येशूला क्रूसावर दिलं ते वल्हांडणाच्या दिवसांत आणि तिसऱ्या दिवशी तो उठला, असं चारही शुभवर्तमानं, म्हणजे येशूची हकीकत सांगणारी बायबलमधली पुस्तकं, सांगतात. मग पुनरुत्थानाचा सण वल्हांडणाच्या तीन आठवडे आधी कसा? पुढच्या वर्षी मात्र सगळं नीट जुळलं. वल्हांडण १२ एप्रिल २०२५च्या संध्याकाळी आणि ईस्टर २० एप्रिलला.

याचं थेट उत्तर पंचांगात आहे आणि ते पुढे येईलच. पण दोन पंचांगं मुळात का झाली, हे कळायला त्याआधीची तीनशे वर्षं पाहावी लागतात. येशू आला, त्याने नवा धर्म काढला, ज्यूंनी तो नाकारला आणि वाटा वेगळ्या झाल्या, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात ही फारकत जेवणाच्या पंक्तीत सुरू झाली, सरकारी कराच्या पावतीपर्यंत गेली आणि पंचांगावर येऊन पक्की झाली. साध्या माणसांनी तर ती त्यानंतरही बरीच वर्षं मनावर घेतली नाही.

तेव्हाचा ज्यू धर्म एकजिनसी नव्हता

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ज्यू धर्माचं केंद्र होतं यरुशलेमचं मंदिर. जगभरचे प्रौढ ज्यू पुरुष वर्षाला अर्धा शेकेल मंदिरासाठी पाठवत. होम-बली तिथेच होत. घरच्या आयुष्यात नियमशास्त्र, म्हणजे मोशेचे नियम, पाळायचे. त्यात मुलाची आठव्या दिवशी सुंता, शनिवारचा शब्बाथ आणि खाण्यापिण्याची बंधनं आली. एवढ्यावर एकमत होतं, बाकी सगळ्यावर वाद. सदूकी हे मंदिराच्या पुरोहितवर्गाचे. मेलेले पुन्हा उठतील हे त्यांना मान्य नव्हतं. परूशांना ते मान्य होतं, आणि नियमशास्त्र रोजच्या जगण्यात कसं पाळायचं याचा कीस काढण्यात त्यांचा हातखंडा होता. एसीन पंथाला तेव्हाचं मंदिरच भ्रष्ट वाटे. १९४७पासून मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत ज्या गुंडाळ्या सापडल्या, त्या याच पंथाच्या असाव्यात असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांतली भाषा पाहिली, तर ज्यूंनी ज्यूंवर किती जहाल टीका केली होती ते कळतं.

मसीहा म्हणजे देवाने अभिषेक करून नेमलेला तारणारा. ग्रीकमध्ये त्यालाच ‘ख्रिस्त’ म्हणतात. तो राजा असेल, याजक म्हणजे पुरोहित असेल की आकाशातून येणारा न्यायाधीश, यावरही एकमत नव्हतं.

येशू या जगातला होता. गालीलातला ज्यू. त्याचीही आठव्या दिवशी सुंता झाली, तो सभास्थानात, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, शिकवत असे, सणाला यरुशलेमला जात असे. शब्बाथ दिवशी आजाऱ्याला बरं करावं का, यावरून परूशांशी त्याचे जे वाद झाले, तसे वाद परूशी आपसातही घालत. त्याला मृत्युदंड दिला तो रोमन सुभेदार पंतय पिलात याने. पिलात इसवी सन २६ ते ३६ या काळात यहुदियात, म्हणजे यरुशलेमच्या प्रांतात, होता. क्रूस ही रोमन शिक्षा, आणि वर लावलेला आरोप होता ‘यहूद्यांचा (ज्यूंचा) राजा’, म्हणजे राजद्रोहाचा.

त्यानंतरही त्याचे अनुयायी मंदिरात जातच राहिले. ‘प्रेषितांची कृत्ये’ या बायबलमधल्या पुस्तकात येशूचे शिष्य पेत्र आणि योहान दुपारी तीनच्या प्रार्थनेला मंदिरात जाताना दिसतात. लोक या मंडळींना ‘नासोरी पंथ’ म्हणत. परूशी, सदूकी, तसा आणखी एक पंथ. यरुशलेममध्ये त्यांचा पुढारी होता येशूचा भाऊ याकोब. इसवी सन ६२मध्ये मुख्य याजकाने याकोबाला दगडमार करवला, तेव्हा नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या ज्यूंनीच तक्रार केली आणि त्या याजकाचं पद गेलं. ही हकीकत योसेफस या ज्यू इतिहासकाराने नोंदवली आहे. तो येशूचा अनुयायी नव्हता, म्हणून तिला वजन.

अंत्युखियातली पंगत

पहिला खरा पेच श्रद्धेवरून आला नाही, ताटावरून आला. जागा अंत्युखिया, सध्याच्या तुर्कस्तानातलं अंताक्या, तेव्हा रोमन साम्राज्यातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक. ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा इथेच पडलं.

अशा शहरांतल्या सभास्थानांत ज्यू नसलेले पुष्कळ लोक येऊन बसत. त्यांना ‘देवभीरू’ म्हणत. एकच देव, शब्बाथ, ग्रीक भाषेतलं शास्त्रवाचन त्यांना आवडे, पण ते पूर्ण ज्यू होत नसत. कारण उघड आहे. मोठ्या वयात, भूल नसताना सुंता करून घ्यायची, आणि वर सगळी नातीगोती बदलायची. येशूचा निरोप या लोकांत झपाट्याने पसरला. आणि पंथाचा मुख्य विधी म्हणजे एकत्र जेवण. त्यातच भाकर मोडायची, प्याला फिरवायचा. मग एका पंक्तीत कोण बसणार?

अडचणी अगदी व्यवहारातल्या होत्या. बाजारातलं बरंचसं मांस देवळांत बळी दिलेल्या जनावरांचं असे. जनावर कापून रक्त पुरतं काढलेलं असेलच असं नाही. द्राक्षारसातला घोट आधी एखाद्या देवाला वाहिलेला असू शकतो. नियम पाळणाऱ्या ज्यूला अशा ताटावर बसणं जड जाणार. पेत्र सुरुवातीला सगळ्यांबरोबर जेवायचा. मग यरुशलेमहून याकोबाकडची माणसं आली आणि तो हळूच बाजूला झाला, इतर ज्यूही उठले. बिगरज्यूंत येशूचा निरोप पोचवणाऱ्या पौलाने सगळ्यांसमोर पेत्राला सुनावलं. हे भांडण पौलाने स्वतः गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात आहे. इतक्या वर्षांनीही त्यातला संताप वाचताना जाणवतो. बाकीच्या मंडळींनी कुणाची बाजू घेतली ते त्याने सांगितलेलं नाही. तो जिंकला असता तर नक्की सांगितलं असतं, असं मला वाटतं.

इसवी सन ४८-४९च्या सुमारास यरुशलेममध्ये बैठक झाली. ‘कृत्यां’तल्या वृत्तांताप्रमाणे ज्यू नसलेल्यांना सुंतेची सक्ती नको असं ठरलं आणि चार गोष्टी वर्ज्य केल्या: मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गुदमरून मारलेल्या जनावराचं मांस आणि जारकर्म. चारातल्या तीन स्वयंपाकघरातल्या आहेत हे लक्षात घ्या. ज्यू आणि बिगरज्यू एका पंक्तीत बसू शकतील एवढ्यापुरती ती तडजोड होती.

मग ख्रिस्ती धर्म पौलाने काढला का?

हा आक्षेप नेहमी येतो, आणि तो अर्धाच खरा आहे. पौल तार्सस गावचा ज्यू, स्वतःला परूशी म्हणवणारा. त्याची पत्रं साधारण इसवी सन ५० ते ६०मधली, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधीची. त्याच्या नावावर तेरा पत्रं आहेत. त्यांतली सात निर्विवाद त्याची मानली जातात.

करिंथकरांना लिहिताना तो सांगतो, की आपण यहूद्यांच्या हातून पाच वेळा एकोणचाळीस फटके खाल्ले. ही सभास्थानाची शिक्षा. नियमशास्त्रातली कमाल मर्यादा चाळीस, मोजायला चूक होऊ नये म्हणून एक कमी. सभास्थानाशी संबंध तोडलेल्या माणसाला ही शिक्षा देता येत नव्हती. तो उठून निघून गेला असता तर वाचला असता. पाच वेळा पाठ पुढे केली, याचा अर्थ तो आपल्याला आतलाच समजत होता आणि त्याला मारणारेही तसंच समजत होते.

‘नियमशास्त्राने कुणी नीतिमान ठरत नाही’ अशी वाक्यं त्याच्या पत्रांत आहेतच. पण पत्रं कुणाला लिहिली तेही पाहायला हवं. ती मुख्यतः बिगरज्यू मंडळ्यांना, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती गटांना, आहेत, आणि त्यांच्यावर सुंता लादू नये हा त्याचा मुद्दा. ज्यूंनी आपल्या मुलांची सुंता बंद करावी, असं त्या सात पत्रांत कुठेही नाही. रोमकरांना तर तो बजावतो की तुम्ही जंगली जैतुनाच्या फांद्या, मूळ झाडावर कलम केलेल्या. मुळापुढे मिजास करू नका. पुढे झालं असं, की फांद्या संख्येने इतक्या वाढल्या की मुळाचा विसर पडला. पौलाला ते अभिप्रेत नव्हतं, पण वाट त्याच्यामुळेच मोकळी झाली हेही नाकारता येत नाही.

मंदिर पडलं आणि कर बसला

इसवी सन ६६मध्ये यहुदियात रोमविरुद्ध बंड झालं आणि ७०मध्ये रोमन सेनापती टायटसच्या सैन्याने मंदिर जाळून पाडलं. सदूकींचं कामच संपलं, एसीनही इतिहासातून नाहीसे झाले. उरले दोन गट, ज्यांचं मंदिराशिवाय चालू शकत होतं. एक परूशांच्या परंपरेतले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मशिक्षक. त्यांनी अभ्यास, प्रार्थना आणि घरचं जेवणाचं टेबल यांभोवती धर्म उभा केला. दुसरे येशूचे अनुयायी. आजचा ज्यू धर्म आणि ख्रिस्ती धर्म, दोन्ही या पडझडीतून उभे राहिले. त्यामुळे एकाला आई आणि दुसऱ्याला मूल म्हणणं थोडं फसवं ठरतं.

मंदिराला जाणारा पैसा बादशहा व्हेस्पासियनने बंद केला नाही. तो रोमच्या ज्युपिटरच्या देवळाकडे वळवला आणि वसुली वाढवली. आता बायका आणि लहान मुलंही त्यात आली. दर डोई वर्षाला दोन दिनार. मजुराची रोजची मजुरी साधारण एक दिनार धरली, तर आईबाप आणि तीन मुलांच्या घराला दहा दिवसांची कमाई. इजिप्तमध्ये एडफू इथे या कराच्या पावत्या खापरांवर लिहिलेल्या सापडल्या आहेत. ज्या देवाचं मंदिर पाडलं, त्याच्याच भक्तांनी आता ज्युपिटरच्या देवळाचा खर्च द्यायचा. त्यातला अपमान कुणाला समजावून सांगायला नको.

आता सरकारला ज्यू कोण याची यादी लागणार. डोमिशियनच्या काळात, म्हणजे ८१ ते ९६मध्ये, वसुली इतकी कडक झाली की नव्वद वर्षांच्या एका म्हाताऱ्याला भर कचेरीत कपडे उतरवून सुंता झाली आहे का ते तपासलं. स्वेटोनियस या रोमन लेखकाने ते स्वतः पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. ९६मध्ये नेर्व्हा गादीवर आला आणि ‘ज्यू कराच्या नावाने होणारा खोटा जाच हटवला’ अशा अर्थाची अक्षरं आणि खजुराचं झाड असलेलं नाणंच त्याने पाडलं. यानंतर ज्यू धर्म उघडपणे पाळणाऱ्यांकडूनच कर घेतला जाऊ लागला, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. बिगरज्यू ख्रिस्त्यांना कर नको होता, पण कर भरणाऱ्याला एक सवलत होती: रोमन देवांना बळी देण्याची सक्ती ज्यूंवर नव्हती. कर नाही म्हणजे सवलतही नाही. इसवी सन ११२च्या सुमारास प्लिनी हा सुभेदार बादशहा ट्राजनला विचारतो, की या ख्रिस्ती लोकांचं काय करू. देवांना आणि बादशहाच्या मूर्तीला धूप-द्राक्षारस वाहायला सांगायचं, ख्रिस्ताला शिव्या द्यायला लावायच्या, नकार दिला तर मृत्युदंड, अशी त्याची रीत. त्या पत्रात ज्यूंचं नावसुद्धा नाही. सरकारच्या लेखी दोन वेगळी प्रकरणं झाली होती.

१३२ ते १३५मध्ये बार कोखबा या ज्यू पुढाऱ्याचं रोमविरुद्ध बंड झालं. रब्बी अकिवाने त्याला मसीहा मानलं, अशी ज्यू परंपरा आहे. ज्यांचा मसीहा आधीच येऊन गेला होता त्यांची यात कोंडी झाली. बंड मोडल्यावर बादशहा हेड्रियनने ज्यूंना यरुशलेममध्ये पाऊल टाकायला बंदी केली. त्याआधी तिथले सगळे बिशप जन्माने ज्यू होते आणि यानंतर बिगरज्यू आले, असं चर्चचा इतिहासकार युसेबियस नोंदवतो.

इतकं वेगळं व्हायचं होतं तर जुना करार का ठेवला?

जुना करार म्हणजे ज्यूंचंच शास्त्र, ख्रिस्ती बायबलाचा पहिला भाग. तो टाकावा असं म्हणणारा माणूस होता. मार्शियन, काळ्या समुद्राकाठचा श्रीमंत जहाजमालक. जुन्या करारातला देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, तेव्हा फक्त लूकचं शुभवर्तमान आणि पौलाची पत्रं ठेवू, तीही कापून, असं त्याचं म्हणणं. १४४च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं. कारण साधं: जुना करार सोडला तर येशू मसीहा आहे हे सिद्ध कशावरून करणार? शिवाय रोमन जगात नव्या धर्माला पत नव्हती, जुन्याला होती.

पण तोच ग्रंथ ठेवल्यामुळे वारसाहक्काचा वाद कायमचा मागे लागला. वचनं तीच, वारस दोन. ‘खरं इस्राएल आम्हीच’ हे ख्रिस्ती लेखक याच काळात म्हणू लागले. तरी दारं एकदम बंद झाली नाहीत. १६०च्या सुमारास जस्टिन हा ख्रिस्ती लेखक लिहितो, की ख्रिस्ताला मानून नियमशास्त्रही पाळणाऱ्या ज्यूंना मी बंधू समजतो, फक्त त्यांनी इतरांवर सक्ती करू नये. पण आपल्याशी सहमत नसलेले ख्रिस्तीही आहेत, हेही तो मान्य करतो. म्हणजे असे लोक तेव्हा होते, आणि त्यांच्याशी पंक्तिव्यवहार ठेवायचा का यावर चर्चमध्येच दोन मतं होती.

पंचांगाचा हिशेब

आता ईस्टर. आशिया मायनरमधले ख्रिस्ती तो ज्यूंच्या निसान महिन्याच्या चौदाव्या दिवशीच, म्हणजे वल्हांडणाच्या दिवशी, पाळत, वार कोणताही असो. रोम रविवार धरून बसलं. १५५च्या सुमारास स्मर्नाचा म्हातारा बिशप पॉलिकार्प रोमला गेला. एकमत झालं नाही, पण भांडणही झालं नाही. १९०च्या सुमारास मात्र रोमचा बिशप व्हिक्टर याने आशियातल्या मंडळ्यांना बहिष्कृत करायचं मनावर घेतलं. ल्योंचा बिशप इरेनियस याने त्याला आवरलं.

शेवटी ३२५मध्ये निकाया इथे, आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकमध्ये, बिशपांची परिषद भरली. २०२५मध्ये तिला १७०० वर्षं झाली, म्हणून तिचं नाव बातम्यांत होतं. सगळ्यांनी ईस्टर एकाच रविवारी पाळावा आणि त्यासाठी ज्यूंच्या गणनेवर अवलंबून राहू नये, असं तिथे ठरलं. एक तांत्रिक तक्रार होती: काही ठिकाणचे ज्यू वसंतसंपाताच्या आधीच वल्हांडण करतात. पण बादशहा कॉन्स्टंटाईनने नंतर धाडलेल्या पत्रात पंचांगापेक्षा ज्यूंचा तिटकारा जास्त आहे. आपला सण कधी ते शेजारच्या सभास्थानात विचारायला जावं लागतं, हे राजाश्रय मिळालेल्या चर्चला सहन होईना.

पुढे रूढ झालेला नियम असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. ज्यू पंचांग आपल्यासारखंच चांद्र महिन्यांचं आणि सौर वर्षाशी मेळ घालणारं आहे. आपण अधिक मास धरतो तसे तेही १९ वर्षांत ७ वेळा एक जादा महिना धरतात, फक्त त्यांचा जादा महिना ठरलेला असतो: वल्हांडणाआधीचा अदार. २०२४मध्ये तो होता. त्यामुळे २५ मार्चची पौर्णिमा चर्चने धरली आणि पुढच्या रविवारी ईस्टर झाला, पण ज्यूंकडे ती दुसऱ्या अदारची पौर्णिमा होती, पुरीम सणाची. आपल्याकडे तेव्हा होळी होती. त्यांचा वल्हांडण पुढच्या पौर्णिमेला, आपल्या हनुमान जयंतीला. २०२५मध्ये जादा महिना नव्हता, म्हणून दोघांनी एकच पौर्णिमा धरली.

आठवड्याच्या सुट्टीचंही तसंच झालं. रविवारी विश्रांतीचा कायदा कॉन्स्टंटाईनने ३२१मध्ये केला. शनिवार ज्यूंकडे राहिला, इतका की कोकणातल्या तेलाच्या घाण्यावर बसणाऱ्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, लोकांना शेजारी ‘शनवार तेली’च म्हणत.

लोकांनी ऐकलं का?

फारसं नाही. ३८६-३८७मध्ये त्याच अंत्युखियात योहान क्रिसोस्टोम हा धर्मगुरू प्रवचनांवर प्रवचनं देतो आहे, आणि ती भयंकर आहेत. ज्यूंबद्दलची त्यांतली भाषा पुढे शतकानुशतकं लोकांना भडकवायला वापरली गेली. पण तो चिडला होता कशावर? त्याच्याच मंडळीतले लोक ज्यूंच्या नववर्षाला शिंग फुंकलेलं ऐकायला सभास्थानात जात होते, प्रायश्चित्ताच्या दिवशी उपास धरत होते. सभास्थानात घेतलेली शपथ जास्त कडक, या समजुतीने एक ख्रिस्ती माणूस एका बाईला शपथेसाठी तिथे ओढून नेत होता, ते त्याने पाहिलं. साधारण याच शतकातल्या लावदिकियाच्या परिषदेने शब्बाथ दिवशी काम बंद ठेवायला आणि ज्यूंकडून बेखमीर भाकर घ्यायला मनाई केली आहे. कुणी घेतच नसतं तर मनाई कशाला लागली असती?

सत्ता हाती आल्यावर मात्र गोष्टी प्रवचनांवर थांबल्या नाहीत. ३८८मध्ये ज्यू-ख्रिस्ती लग्नाला साम्राज्यात बंदी आली. त्याच वर्षी फरात नदीकाठच्या कॅलिनिकम गावात ख्रिस्ती जमावाने सभास्थान जाळलं. बादशहा थिओडोशियस ते बिशपाकडून पुन्हा बांधून घेणार होता, पण मिलानचा बिशप अँब्रोज याने त्याला अडवलं.

‘ज्यूंनीच येशूला मारलं’ याचं काय?

शिक्षा रोमन होती, हे वर आलंच. मंदिराच्या काही पुढाऱ्यांचा हात होता असं शुभवर्तमानं सांगतात, आणि ते शक्य आहे. पण ही पुस्तकं साधारण इसवी सन ७० ते १००मधली, मंदिर पडल्यानंतर सभास्थानाशी भांडण तापलेलं असतानाची. मत्तय आणि योहान यांतली परूशी किंवा ‘यहूदी’ यांवरची कडवट वाक्यं म्हणजे घरातल्या भांडणातली वाक्यं. लिहिणाऱ्यांच्या मंडळ्यांत ज्यू होते. तीच वाक्यं पुढे बिगरज्यू बहुसंख्याकांनी मोठ्याने वाचली, तेव्हा त्यांचा अर्थ पार बदलला.

कॅथलिक चर्चने हे अधिकृतपणे दुरुस्त केलं ते २८ ऑक्टोबर १९६५ रोजी. येशूच्या यातनांचा दोष तेव्हाच्या सगळ्या ज्यूंवर सरसकट टाकता येत नाही आणि आजच्या ज्यूंवर तर नाहीच, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केलं. त्याआधी १९५९मध्ये गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतलं ज्यूंना अविश्वासू ठरवणारं विशेषण पोप तेविसावे जॉन यांनी काढलं होतं, आणि १९७०मध्ये ती प्रार्थना नव्याने लिहिली गेली. देव ज्यांच्याशी प्रथम बोलला ते लोक, असा ज्यूंचा उल्लेख आता तिच्यात आहे, आणि वसईच्या चर्चमध्ये मराठीत, गोव्यात कोकणीत ती दर वर्षी म्हटली जाते.